आठ-दहा दिवसांत अख्खे कोकण नको : नागपूरकरांसाठी किनाऱ्याचा एकच तुकडा

प्रश्न थोडक्यात असा आहे : नागपुरातल्या एका कुटुंबाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जाण्यायेण्याचा प्रवास धरून दहा दिवसांत, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा कोकण किनारा पाहायचा आहे. सोबत सत्तरीला टेकलेले आईवडील आहेत आणि सातवीतली मुलगी आहे. नुसत्या चौपाट्या नकोत, जुनी बंदरे, जलदुर्ग आणि लहान गावे नीट पाहायची आहेत. स्वतःची गाडी न्यावी की रेल्वेने जावे, हेही विचारले आहे. नागपुरातून अशा सहली आखून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि माझे उत्तर प्रत्येक वेळी त्याच वाक्याने सुरू होते : अख्खा किनारा सोडा, एक तुकडा निवडा.

यामागचे कारण अंतराचे नसून खाड्यांचे आहे. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा सांगतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि तो आपण एका दिवसात कापतो, त्यामुळे ७२० हा आकडा नागपूरच्या माणसाला किरकोळ वाटतो. परंतु सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते, आणि किनाऱ्याने जाणाऱ्या माणसाला ती खाडी एक तर जंगल जेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने, ओलांडावी लागते किंवा आत पुलापर्यंत वळसा घालावा लागतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड असे फेरीबोटीचे टप्पे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत ओळीने येतात. एरवी ही फेरी मोठी मौजेची असते, पण सुट्ट्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लागली की अर्धी दुपार धक्क्यावर जाते. किनाऱ्यालगतच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरून वेळापत्रक आखू नये, आणि आईवडील सोबत असताना तर दिवसाला तीन तासांहून अधिक प्रवास मुळीच ठेवू नये. या हिशेबाने अलिबाग ते वेंगुर्ला या प्रवासातले सहा दिवस गाडीच्या काचेतून बाहेर पाहण्यात जातील.

दुसरे असे की कोकणातली जुनी गावे धावत्या भेटीत कळत नाहीत. त्यांतली पुष्कळशी गावे खाडीच्या मुखाशी किंवा खाडीत आत, वाऱ्याच्या आडोशाला वसली, कारण गलबते तिथेच सुरक्षित उभी राहत. धक्का, त्यामागे बाजारपेठ, मग वखारी किंवा जकातीच्या नाक्याची जागा, त्याहून आत ग्रामदेवतेचे देऊळ आणि नारळी-पोफळीच्या बागांतली घरे, असा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. आज त्या गावात उभे राहिले तर इथे समुद्रावरची जहाजे येत होती यावर विश्वास बसत नाही, कारण खाडी गाळाने भरली आणि व्यापार निघून गेला. दाभोळचेही बरेचसे असेच झाले. म्हणून गावात गाडी थेट चौपाटीवर नेण्याऐवजी आधी बंदराच्या धक्क्यावर जावे आणि तिथून पायी बाजारातून देवळापर्यंत यावे, हा माझा नेहमीचा आग्रह असतो. अर्ध्या तासात गाव उलगडते.

आता तुकडा कोणता, याविषयी. रायगडचा पट्टा, म्हणजे अलिबाग, चौल-रेवदंडा, कोर्लई, मुरूड-जंजिरा, हा इतिहासाने सर्वांत दाट आहे. अलिबागला कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदी आहे, आणि शेजारच्या कोर्लई गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घरांत बोलली जाते. तरीही आपल्याला हा पट्टा मी या वेळी सुचवणार नाही. डिसेंबरच्या शेवटी मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे याच पट्ट्यात उतरतात. शिवाय जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने जाऊन डुलत्या होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाय टाकणे सत्तरीच्या गुडघ्यांना जड जाते. हा पट्टा पुढे कधीतरी मुंबईच्या कामाला जोडून तीन दिवसांत स्वतंत्रपणे करावा. रत्नागिरीचा मधला पट्टाही उत्तम आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत स्थानबद्ध केले, त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. टिळकांचे जन्मस्थान आणि १९३१ चे पतितपावन मंदिर त्याच शहरात आहे. पण रत्नागिरी आता मोठे शहर झाले आहे आणि आपली मागणी लहान गावांची आहे. तेव्हा माझी निवड विजयदुर्ग ते वेंगुर्ला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा, ही आहे. इथे खाड्यांवर पूल आहेत, चढ कमी आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन या एकाच पट्ट्यात येतात.

तारीख मात्र बदलावी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात मालवणला खोलीचे भाडे दुप्पट होते, किल्ल्याच्या होडीला रांग लागते आणि खानावळीत जेवण घाईने उरकावे लागते. मुलीच्या शाळेची परवानगी मिळत असेल तर संक्रांतीनंतरचा आठवडा धरावा. तेव्हा नागपुरात कडाक्याची थंडी असते आणि मालवणात दुपारी घाम येतो, म्हणून स्वेटर एकेकच ठेवावा, तोही गाडीतल्या प्रवासापुरता. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो हे खरे, पण दमट उन्हात किल्ल्याच्या तटावर आईवडिलांना फिरवू नये. पावसाळ्यात तर किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्याच बंद असतात.

प्रवासाविषयी माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे. नागपूर ते मडगाव अशी आठवड्यातून दोन दिवस धावणारी विशेष गाडी भुसावळ, कल्याण, पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर येते आणि कुडाळला थांबते. विशेष गाडी असल्यामुळे तिची मुदत आणि वेळापत्रक आरक्षणाआधी तपासून घ्यावे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आणि गाडीचे दिवस दोनच असल्यामुळे आधी परतीची तारीख पक्की करून मग पुढचा आराखडा मागे मोजत आणावा. जाताना मात्र महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूरला जावे, असे मी सुचवेन. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरात उतरता येते, संध्याकाळी अंबाबाईचे दर्शन होते, रात्री आईवडिलांना सपाट बिछान्यावर झोप मिळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीने गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरता येतो. घाटमाथ्यावरून खाली कोकण दिसते तो क्षण कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून आलेल्या माणसाला मिळत नाही. घाटांत दुरुस्तीची कामे निघत असतात, तेव्हा कोल्हापूरच्या चालकालाच आदल्या दिवशी विचारून मार्ग ठरवावा.

स्वतःच्या गाडीचा हट्ट असेल तर समृद्धीने मुंबईकडे जाऊन तिथून गोव्याच्या रस्त्याला लागण्याचा विचार सोडावा. वर्धा, यवतमाळ, नांदेडवरून तुळजापूर-सोलापूरकडे जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग धरावा, तुळजापूरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर गाठावे. पण चालवणारा एकटाच असेल तर परतीच्या दोन दिवसांत सहलीचा सारा आनंद आंबतो, हे मी पुष्कळ कुटुंबांच्या तोंडून ऐकले आहे.

पहिला मुक्काम विजयदुर्गला दोन रात्री करावा. बहुतेक पर्यटक इथे मालवणहून येऊन तासाभरात परत जातात, आणि मला तो या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा अपव्यय वाटतो. वाघोटन खाडीच्या मुखाशी भूशिरावर असलेला हा किल्ला जमिनीला जोडलेला असल्यामुळे गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. आईवडिलांसाठी याहून सोयीचा मोठा किल्ला कोकणात क्वचितच असेल. शिलाहारांच्या काळापासून इथे किल्ला होता, १६५३ च्या सुमारास तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि त्याला आजचे तिहेरी तटाचे रूप आले. आत शिरताना वाट तटाच्या कुशीतून वळत जाते आणि दरवाजा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मुलीला तिथे थांबवून विचारावे की तोफ कुठून डागली असती. ती वर पाहील आणि तिला दोन्ही बाजूंच्या बुरुजांतल्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे, दिसतील. तटाचा काळपट जांभा हाताने चाचपून पाहावा. खाऱ्या वाऱ्याने चिऱ्याचा मऊ भाग खाल्ला गेला आहे आणि काही ठिकाणी सांध्यातला चुना दगडाहून पुढे आलेला दिसतो, म्हणजे माणसाने कालवलेली वस्तू निसर्गाच्या दगडाहून जास्त टिकली आहे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे आरमार आणि पेशव्यांचे लष्कर यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्याकडून हा किल्ला घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. मराठी सत्तेने परक्याच्या मदतीने मराठी आरमार बुडवले, ही बोच इथल्या जाणत्या माणसांच्या बोलण्यात अजून जाणवते. पुढे त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट इंग्रजांना देऊन विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. किल्ला पाहून झाल्यावर गिर्ये गावातले रामेश्वराचे देऊळ पाहावे, त्याची वाट जांभ्याचा कडा कापून खाली नेली आहे. आणि खाडीकाठी खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी विचारत विचारत शोधावी. तिथे फलक असेल-नसेल, गर्दी मात्र नक्की नसते.

किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवून वाटाड्या सांगेल की १८६८ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला. ही गोष्ट ऐकावी, पण मुलीच्या वहीत अशीच उतरू देऊ नये. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हते. ज्या पिवळ्या वर्णरेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती सूर्यप्रकाशातली रेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. विजयदुर्गाला ते खरोखरच आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी, मोठ्या दुर्बिणी आणि नौदलाची माणसे घेऊन. तीस वर्षांच्या अंतराच्या दोन घटना लोकांच्या तोंडी एक झाल्या आहेत. मला खरी हकीकत जास्त रंजक वाटते.

विजयदुर्गहून मालवणला येताना देवगड आणि कुणकेश्वर वाटेत होतात. देवगडचा किल्ला लहान आहे, दीपगृहापर्यंत जाऊन यावे आणि जास्त वेळ कुणकेश्वरच्या देवळाला आणि त्यापुढच्या किनाऱ्याला द्यावा.

मालवणला तीन रात्री ठेवाव्यात, कारण एक दिवस समुद्राच्या लहरीसाठी राखून ठेवावा लागतो. वारा चढला की किल्ल्याच्या होड्या थांबतात. सिंधुदुर्गाचे बांधकाम कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि सुमारे तीन वर्षांनी पूर्ण झाले. बांधकामाचा मुहूर्त ज्या खडकाजवळ झाला असे मानतात, तो मोरयाचा धोंडा मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आहे. त्यावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. आधी तो पाहावा आणि मग होडीत बसावे, म्हणजे बेट समोर दिसत असताना जागेची निवड का झाली ते कळते : भोवती खडकांची रास आहे आणि वाट माहीत असल्याशिवाय मोठे जहाज जवळ येऊ शकत नाही. होडीवाले किल्ल्यात साधारण तासाभराचा वेळ देतात, तो अपुरा पडतो. सकाळच्या पहिल्या फेरीने जावे आणि उशिराच्या फेरीने परतण्याचे आधीच ठरवून घ्यावे. थोडे अधिक पैसे पडले तरी बिघडत नाही. आत राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वराचे देऊळ आहे, त्यातली महाराजांची मूर्ती कोळ्याच्या टोपीसारखे शिरोभूषण घातलेली आहे. दरवाजाजवळच्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे महाराजांचे म्हणून पूजले जातात. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना आत वस्ती टिकली ती त्यांच्या जिवावर. आईवडिलांनी देवळापर्यंत सपाटीवरून जावे. तटावरचे चढणे आपण आणि मुलीने करावे.

इथे भरती-ओहोटीचा हिशेब शिकून घ्यावा, कारण कोकणात घड्याळापेक्षा तो जास्त कामाचा आहे. जुन्या माणसांचा आडाखा असा की तिथीच्या अंकाला पाऊणपट करावे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारापर्यंत पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार एखादा तास मागेपुढे होतो, म्हणून हा केवळ आखणीपुरता आडाखा समजावा आणि पाण्यात पाऊल टाकण्याआधी धक्क्यावरच्या माणसाला विचारावे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूचे बेट उघडे पडते. तिथल्या होडीची वेळ ओहोटीला धरून सांगावी. पुढे कधी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचे झाले तर हाच आडाखा उपयोगी पडेल : तृतीया-चतुर्थीला सकाळी साडेआठ-नऊला ओहोटी असते आणि उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती, नुकतेच सरलेले असल्यामुळे पाणीही बऱ्यापैकी मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे हटत नाही.

जेवणाविषयी एक सूचना आवश्यक आहे. घरगुती निवासात जेवण सकाळीच सांगून ठेवावे लागते. आपल्याकडे सावजीत जाऊन बसले आणि ताट आले, तसे इथे होत नाही. मासा त्या दिवशी बंदरावर काय उतरले त्यावर ठरतो, म्हणून ‘सुरमईच हवी’ असा आग्रह न धरता ‘आज काय ताजे आहे’ असे विचारावे. बांगडा आणि तारली स्वस्त असतात म्हणून त्यांना कमी लेखू नये. आईवडील शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी, घावणे आणि सोलकढी आवर्जून सांगावी. मसाला सावजीइतका तिखट नसतो, पण खोबरे भरपूर असते, ते पहिल्या दिवशी जपून खावे.

वेंगुर्ल्याला एक रात्र पुरेशी आहे. सतराव्या शतकातल्या डच वखारीचे भग्न अवशेष, बंदर आणि त्यावरची टेकडी अर्ध्या दिवसात होते. तिथून शिरोड्याला जावे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथल्या मिठागरांवर झाला. शेवटच्या दिवशी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर आणि चितारआळीतली लाकडी खेळणी पाहावीत, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी पाहून संध्याकाळी स्टेशनवर यावे. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रे दाखवत कथा सांगण्याची ही परंपरा टिकवली आहे. मुलीला तिथे तासभर तरी मिळेल असे पाहावे. थंडीच्या महिन्यांत गावोगाव जत्रा असतात आणि रात्रभर दशावतारी नाटक चालते. यजमानांना पोहोचल्याबरोबर ‘जवळपास कोणत्या गावाची जत्रा आहे’ असे विचारून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पाहायचा नसेल अशा रात्री जावे.

मडगाव-नागपूर गाडी कुडाळला रात्री येते. स्थानकावर रात्रीचे जेवण मिळेल या भरवशावर राहू नये; वेंगुर्ल्यातून निघतानाच घावण्यांची आणि चटणीची शिदोरी बांधून घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला उतरायला रात्र होते हे ध्यानात घेऊन घरी न्यायची गाडी आधीच सांगून ठेवावी.